बिनटचाची पाटी लासलगावात खपेल का?

लासलगाव (ता. निफाड) : संगणकाची पाटी, म्हणजे दुकानदार ज्याला 'टॅब' म्हणतात ती वस्तू, आता खेड्यात नवलाईची राहिलेली नाही. शाळेत ती आली, सोसायटीच्या सचिवाच्या टेबलावर आली, बागायतदाराच्या पोराच्या हातातही आली. परंतु या पाटीच्या काचेवर बोट फिरवण्याची सोयच नसेल, तिच्या कडेला नुसती बटने असतील आणि त्या बदल्यात ती दणकट व थोडी स्वस्त मिळत असेल, तर तिला गिऱ्हाईक मिळेल काय?

प्रथम ऐकताना हा प्रश्न विचित्र वाटतो. 'बिनचाकाची गाडी कोण घेईल?' असे विचारण्यासारखाच तो वाटतो. पण ज्यांचे हात दिवसभर मातीत, औषधात आणि कांद्याच्या पाचोळ्यात असतात त्यांच्या दृष्टीने पाहिले, तर तो इतका विचित्र राहत नाही. शिवाय आपल्या महाराष्ट्रात अशी बिनटचाची पाटी खरोखर येऊन गेलेली आहे, आणि बटनांच्या यंत्रांनी करोडोंचा बाजारही केलेला आहे. तेव्हा ग्रामपंचायतीने किंवा शेतकऱ्याने पदरचा पैसा घालण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडून पाहायला हरकत नाही.

काच आणि कष्टाचा हात

लासलगाव बाजार समिती १९४७ सालची. कांद्याच्या हंगामात आवारात ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, व्यापारी एकेका वाहनापाशी थांबून माल हातात घेतात, बोली पुकारली जाते आणि मिनिटा-दोन मिनिटांत वर्षाच्या मेहनतीचा निकाल लागतो. मग भुईकाटा, मग व्यापाऱ्याचे खळे, मग हिशोबपट्टी. या सगळ्या धावपळीत खिशातला मोबाईल सारखा वाजत असतो. 'भाऊ, काय गेला आज?' हा एकच प्रश्न विंचूरहून, येवल्याहून, चांदवडहून विचारला जात असतो.

आणि नेमक्या त्याच वेळी काच रुसते. उन्हात काही दिसत नाही. घामाच्या बोटाने भलतेच काहीतरी उघडते. वर धुळीचा थर. कधी कधी तर दोन-तीनदा बोट दाबूनही आलेला फोन उचलला जात नाही. 'टच गेला वाटतं' असे म्हणून माणूस मोबाईल पॅण्टला पुसतो. टच मात्र गेलेला नसतो.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हल्लीच्या मोबाईलच्या व टॅबच्या काचेखाली अगदी सौम्य विद्युत क्षेत्र असते. माणसाच्या कातडीत ओलावा व क्षार असल्यामुळे बोट जवळ आले की त्या क्षेत्रात बदल होतो, आणि यंत्राला बोट कुठे टेकले ते कळते. म्हणजे ही काच दाब ओळखत नाही, ती बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणारा बदल ओळखते. म्हणूनच नखाने ती चालत नाही, रबरी हातमोज्याने चालत नाही. कष्टाने घट्टे पडलेल्या कोरड्या, भेगाळलेल्या बोटाला ती कधी ओळखते, कधी ओळखत नाही. उलट पावसाचा थेंब पडला तर त्यालाच बोट समजते. फवारणी चालू असताना किंवा पावसाळी रोप लावताना शेतकऱ्याला येणारा अनुभव हाच आहे. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून मजुराला परत जावे लागते, तीही याच घराण्यातली अडचण. कष्टाने बोटावरच्या रेषाच झिजलेल्या असतात.

बटनाला हे काही लागत नाही. बटन दाब ओळखते. ओल्या हाताने, मोज्याने, अंधारात न पाहताही ते दाबता येते. भुईकाट्यावर वजन दाखवणाऱ्या यंत्राला आकड्यांची बटनेच असतात. घरातला टीव्ही घ्या. एवढा मोठा पडदा, पण त्याला बोट लावायला कोण उठते? आजीबाईसुद्धा रिमोटच्या बटनांवर सगळा कारभार करतात. तेव्हा टच नसलेला पडदा म्हणजे मागासलेला पडदा, असे मानण्याचे कारण नाही.

खैराटची हिरवी पाटी

बिनटचाच्या पाटीचा खरा प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यात. कर्जत तालुक्यातील खैराट नावाच्या लहानशा वस्तीतली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथीचे वर्ग, एकच शिक्षक, वीस-बावीस मुले. २००७ साली या शाळेत प्रत्येक मुलाला एकेक हिरवा-पांढरा लहान संगणक देण्यात आला. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' अशी जी जागतिक चळवळ अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी सुरू केली होती, तिचा भारतातला हा पहिला प्रयोग.

त्या यंत्राचे नाव एक्सओ. त्याचा पडदा गर्रकन फिरवून कीबोर्डावर पालथा घातला की लॅपटॉपची पाटी होत असे. पाटी झाल्यावर कीबोर्ड झाकला जाई, मग चालवायचे कसे? तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना बटने होती. पान पुढे, पान मागे, वर, खाली. टच नव्हताच. पण बाकी गुण पाहा. पडदा भर उन्हात वाचता येत असे. कीबोर्ड एकसंध रबराचा, त्यामुळे धूळ व पाणी आत शिरायला वाव कमी. वीज अगदी थोडी लागे. शेतावर नेण्याजोगे यंत्र कसे असावे याची यादी करायला बसलो, तर यातले बरेचसे गुण आपण लिहू.

मग ते गावोगाव का पोहोचले नाही? पहिले कारण किंमत. शंभर डॉलरमध्ये यंत्र देण्याचा बोलबाला होता, प्रत्यक्षात ते दोनशे डॉलरच्या आसपास गेले. दुसरे कारण असे की आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच ही योजना नाकारली होती. एवढा पैसा आधी शाळा व शिक्षकांवर खर्चावा, असा सरकारचा सूर होता. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशाने मात्र २००७ पासून दोन-अडीच वर्षांत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सर्व मुलांना हे यंत्र दिले.

यातली खोच लक्षात घेतली पाहिजे. बिनटचाची ही पाटी जिथे गेली तिथे ती सरकारने किंवा देणगीदाराने विकत घेतली. वापरणाऱ्याने दुकानात जाऊन, दहा वस्तू पाहून, घासाघीस करून घेतलेली नव्हती. आणि २०१३ साली त्याच संस्थेने एक्सओची नवी आवृत्ती दाखवली, तेव्हा तिला टच होता. जग कुठल्या बाजूला चालले आहे हे त्यांनाही उमगले होते.

आकाश, सिम्प्युटर आणि मधला मार्ग

आपल्या देशाने स्वतः केलेले दोन प्रयत्नही या संदर्भात आठवतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एका खाजगी कंपनीतील अभियंते यांनी मिळून 'सिम्प्युटर' काढला. २००१ साली तो लोकांसमोर आला, दुकानात यायला २००४ उजाडले. हातात मावणारे, खेड्यातल्या माणसासाठी बेतलेले, भारतीय भाषा बोलणारे हे यंत्र लहान काडीने चालवायचे होते. किंमत सुमारे १० हजार रुपयांपासून पुढे. कल्पनेचे जगभर कौतुक झाले, विक्री मात्र काही हजारांच्या पुढे गेली नाही. तोवर मोबाईल फोन स्वस्त होऊ लागले होते, आणि ज्याच्यावर बोलताही येत नाही अशा यंत्रात दहा हजार कोण घालणार?

दुसरा प्रयत्न 'आकाश' टॅबचा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी तो जाहीर केला. सात इंची पडदा, सरकारला पडणारी किंमत २,२७६ रुपये. विद्यार्थ्यांना तो निम्म्या दरात मिळायचा होता. त्याला टच होता, पण जुन्या पद्धतीचा, दाबाने चालणारा. म्हणजे वरचा पातळ पडदा खालच्या थरावर दाबला गेला की काम व्हायचे. तत्त्वतः ही पद्धत शेतकऱ्याच्या हाताला चांगली. नख चालते, पेन चालते, मोजा चालतो. परंतु लोकांनी तोवर महागड्या मोबाईलवर हलक्या बोटाने सर्रकन पाने सरकताना पाहिली होती. आकाशवर बोट दाबून दाबून लोक वैतागले. त्यात यंत्र मंद, बॅटरी तोकडी. टीका एवढी झाली की ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आला, तेव्हा दाबाचा पडदा काढून हलक्या स्पर्शाचा पडदा बसवलेला होता.

यातून गिऱ्हाईकाचे मन कळते. स्वस्ताईचे आकर्षण असते, पण दुसऱ्याच्या हातात जे छान चालताना पाहिले त्याच्यापेक्षा कमी चालणारे यंत्र 'गरिबांसाठी' म्हणून पुढे केले, की माणूस नाक मुरडतो. खेड्यातला माणूस तर जास्तच. उलट्या मापाने मोजलेले त्याला चटकन कळते.

मग बटनांचा फोन का खपला?

इथे कोणी म्हणेल, 'अहो, पण बटनांचा जिओफोन तर घराघरात गेला!' बरोबर आहे, आणि या विषयातला सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

जुलै २०१७ मध्ये रिलायन्सने हा फोन जाहीर केला. लहान पडदा, खाली बटने, टच नाही. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. पण आत फोरजी, आणि पुढच्या वर्षी यूट्यूब व, सप्टेंबर २०१८ पासून, व्हॉट्सॲपही. असे फोन दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने नंतर जाहीर केले. जुलै २०२३ मध्ये आलेला ९९९ रुपयांचा 'जिओ भारत' हाही बटनांचाच.

तेव्हा टच नाही म्हणून लोक घेत नाहीत, असे नाही. लोकांनी घेतले, कारण तीन गोष्टी जुळल्या. टचच्या फोनपेक्षा किंमत एवढी कमी की तुलनाच नको. फोन हा फोनच होता, बोलण्याचे मुख्य काम चोख. आणि ज्याच्या ओढीने माणूस टचकडे जात होता ते व्हिडिओ व निरोप त्यातही मिळाले.

टॅबच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जुळतात का? किंमतीचे पाहू. आता पडदा बनवतानाच टच त्यात मुरवलेला असतो. अशा पडद्यांचे जगभर अफाट उत्पादन होते, म्हणून ते स्वस्त पडतात. टच काढून टाकला म्हणजे किंमत अर्धी होईल, हा भ्रम आहे. काढून वाचणार थोडे, वर बटने आणि त्यांचा सांगाडा यांचा खर्च चढणार. शिवाय थोड्या संख्येने बनणारी वस्तू नेहमी महागच पडते. आणि बोलण्याचे काम? सात-आठ इंची पाटी कानाला लावून कोणी 'हॅलो' करत नाही. म्हणजे फोन खिशात राहणारच, पाटी वरकड.

जिओफोनची एक दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. त्याच्या आतली प्रणाली काईओएस नावाची. तिच्यावरच्या फोनांत २०२४ पासून व्हॉट्सॲप नव्याने घेता येईनासे झाले. यंत्र धडधाकट, बटने शाबूत, पण ज्या कामासाठी घेतले तेच काढून घेतले गेले. गर्दी ज्या रस्त्याने जाते तो रस्ता दुरुस्त होत राहतो, आडवाटेला कोणी मुरूम टाकत नाही.

सत्तर हजारांची अट

हा सगळा विषय चैनीचा नाही, हे २०२३ सालच्या कांदा अनुदानाने दाखवून दिले. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. म्हणजे एका खातेदाराला ७० हजारांपर्यंतचा प्रश्न. पण त्याला अट होती. सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणी हवी.

ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जायचे, ॲप उघडायचे, गट नंबर निवडायचा, पीक व क्षेत्र भरायचे, पिकाचा फोटो काढायचा. हे ॲप अँड्रॉइडच्या टच मोबाईलवरच चालते. बटनांचा फोन असलेल्याला ते नाही. शेजाऱ्याच्या किंवा भाचे-पुतण्यांच्या मोबाईलवरून नोंद करता येते ही सोय होती, पण ऐन लागवडीत दुसऱ्याचा पोरगा बांधावर आणायचा म्हणजे मिनतवारी आली. पुष्कळांची नोंद राहून गेली. कांदा पिकला, विकला, पावती हातात, पण सातबाऱ्यावर कांदा नाही. ओरड झाली आणि मग ही अट शिथिल करून गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्या पडताळणीचा मार्ग काढावा लागला.

आता नीट पाहा. या ठिकाणी शेतकऱ्याला आडवे काय आले? टचचा अभाव की ॲपचा अभाव? जिओफोनला कॅमेरा होता, इंटरनेट होते. आडवे आले ते हे की सरकारी ॲप फक्त एका प्रकारच्या यंत्रासाठी बनवले होते. उद्या कोणी बिनटचाची पाटी विकत घेतली आणि आतली प्रणाली अँड्रॉइडची नसेल, तर तो शेतकरी पुन्हा त्याच रांगेत उभा राहील. आणि अँड्रॉइड असली, तरी नकाशा सरकवणे, गट शोधणे ही कामे बाणाच्या बटनांनी करायची म्हणजे सुईने नांगरट. ही ॲप बोटासाठीच बेतलेली असतात.

वारणेचा धडा

यंत्र मोठे की काम मोठे, याचे उत्तर आपल्याच राज्यात वारणानगरने दिले आहे. १९९८ साली वारणा सहकारी समूहाच्या परिसरातल्या ७० गावांत केंद्र सरकारच्या मदतीने संगणक केंद्रे उघडली गेली. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती असे सगळे गावात मिळणार होते. काही वर्षांनी तपासले तर ऊस उत्पादकांचा मुख्य वापर एवढाच निघाला. माझा ऊस किती टन भरला, खात किती उचललं, बिल कधी निघणार? तेव्हा २००६-०७ च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली. काम झाले, खर्च घटला, आणि शेतकऱ्याला केंद्र उघडण्याची वाट पाहावी लागेना. टच नाही, रंगीत पडदा नाही, पाटी नाही. साधा बटनांचा फोन.

पण याचीही दुसरी बाजू आहे. २००७ साली महाराष्ट्रात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मोबाईलवर मराठीतून बाजारभाव व हवामान पाठवण्याची वर्गणीची सेवा सुरू केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत शिस्तशीर चाचणी घेऊन पाहिले, की ज्यांना हे निरोप मिळतात त्यांना मालाचा भाव जास्त मिळतो का. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सरासरी भावात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. भाव कळणे आणि भाव मिळणे यांत अंतर आहे. लासलगावच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगायला नको. ७ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातबंदी झाली ती खबर मोबाईलवर क्षणात सगळ्यांना पोहोचली. पण खबर लवकर आली म्हणून भाव पडायचा थांबला नाही. ज्याच्या चाळीत उन्हाळ कांदा आहे त्याला थांबता येते, ज्याच्या ट्रॉलीत लाल कांदा आहे त्याला थांबता येत नाही. लाल कांदा टिकत नाही. हा फरक कुठल्याही पाटीने भरून निघत नाही.

गिऱ्हाईक कोण?

या सगळ्यातून उत्तर असे निघते. स्वतःच्या खिशातून पैसे घालणारा शेतकरी बिनटचाची सर्वसाधारण पाटी घेणार नाही, आणि न घेण्यात तो शहाणपणाच करील. फिरतीला त्याच्या खिशात मोबाईल आहे. बसून लिहायचे, लांबलचक नोंदी करायच्या, तर कीबोर्डाचा लॅपटॉप चांगला. ग्रामपंचायतीच्या संगणक चालकाला किंवा तलाठी भाऊसाहेबांना फेरफार नोंदवताना टच लागत नाही, बटनेच लागतात. बिनटचाची पाटी या दोघांच्या मध्ये येते आणि दोघांकडूनही हरते. मोबाईलइतकी सुटसुटीत नाही, लॅपटॉपइतकी कामाची नाही.

परंतु एकाच ठराविक कामासाठी बनवलेले बटनांचे यंत्र मात्र खपते, आणि खपत आलेले आहे. एसटीच्या कंडक्टरने वर्षानुवर्षे बटनांच्या तिकीट यंत्रावर गर्दीत, खड्ड्यांत, एका हाताने तिकिटे फाडली. रेशन दुकानातले आणि २०१८ पासून खताच्या दुकानात सक्तीचे झालेले पॉस यंत्र पाहा. शहरात पुस्तके वाचण्याची किंडल नावाची पाटी २००७ साली निघाली तिलाही टच नव्हता. एवढी महाग असूनही पहिल्याच दिवशी तिचा साठा संपला, कारण तिचे काम एकच होते, पान उलटणे. एक काम, थोडी बटने, वर्षानुवर्षे तेच. तिथे बटन टचला हरवते. कामे वाढली, रोज नवे ॲप आले, की टच बटनाला हरवतो, कारण काचेवर प्रत्येक कामासाठी वेगळी बटने उमटवता येतात आणि खऱ्या बटनांना आपली जागा बदलता येत नाही. देवनागरीचेच पाहा ना. बारा बटनांवर 'क्ष' किंवा 'र्‍ह' काढायला किती वेळा ठोके द्यावे लागत! काचेवर अख्खी बाराखडी मांडता येते, आणि २०१७ पासून तर मराठीत बोलून लिहिण्याचीही सोय झाली आहे.

म्हणून बाजार समित्यांनी, सोसायट्यांनी व यंत्र बनवणाऱ्यांनी विचार करायचा असेल तर तो असा करावा. चाळीतले तापमान दाखवणारे, दिवसाचा कमीत कमी, जास्तीत जास्त व सरासरी भाव मोठ्या अक्षरांत दाखवणारे, उन्हात वाचता येणारे, चार बटनांचे यंत्र गावच्या चौकात किंवा सोसायटीच्या ओट्यावर टिकेल. पण 'टच नसलेला टॅब' असे नाव देऊन ते विकायला बसले, तर कोणी फिरकणार नाही. गिऱ्हाईकाला काय नाही ते सांगू नये, काय आहे ते सांगावे.

आणि सरकारी खात्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. ज्या कामावर शेतकऱ्याचे अनुदान किंवा विमा अवलंबून आहे, त्याला बटनांच्या साध्या फोनवरूनही एखादी वाट ठेवली पाहिजे. हे अशक्य नाही. पैशांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' आणलेच ना? त्याआधीपासून *९९# आहे. शेतीसल्ल्यासाठी २००४ सालापासून किसान कॉल सेंटर आहे, त्याचा क्रमांक १८००-१८०-१५५१, तिथे मराठीत बोलता येते, फुकट, आणि कुठल्याही फोनवरून. पैशाला जी वाट मिळते ती पिकाच्या नोंदीलाही मिळावी.

टॅब घेण्यापूर्वी

ज्यांना टॅब घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. दुकानाच्या सावलीत टॅब पाहू नका, बाहेर उन्हात नेऊन पडदा वाचता येतो का ते पाहा. दुपारी बाराला जे दिसत नाही ते शेतात कधीच दिसणार नाही. स्वतःच्या बोटाने चालवून पाहा, दुकानातल्या पोराच्या मऊ बोटावर जाऊ नका. बोट ओळखत नसेल तर काही यंत्रांत सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदना वाढवण्याची किंवा हातमोज्याची सोय असते, ती आहे का विचारा. काचेवर जाड स्वस्त संरक्षक पट्टी चिकटवली तर टच आणखी मंद होतो, हेही लक्षात असू द्या.

दुरुस्तीचे आधीच विचारून ठेवावे. बहुतेक मोबाईल-टॅबचा टच व डिस्प्ले आता एकत्र चिकटलेला असतो, दुरुस्तीवाले त्याला 'फोल्डर' म्हणतात. नुसती वरची काच फुटली तरी पुष्कळदा अख्खा फोल्डर बदलावा लागतो आणि स्वस्त टॅबला तो परवडत नाही. त्या कंपनीचा फोल्डर लासलगावात किंवा निदान नाशिकला मिळतो का, याची खात्री करा.

आणि टच बंद पडला पण चित्र दिसते आहे, असा टॅब ग्रामपंचायतीच्या कपाटात धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात काढू नका. बहुतेक अँड्रॉइड टॅबला ओटीजी नावाची लहान वायर लावून साधा माऊस व कीबोर्ड जोडता येतो. पडद्यावर बाण दिसू लागतो आणि यंत्र चालते. आतल्या नोंदी, फोटो बाहेर काढता येतात, शाळेत किंवा वाचनालयात टेबलावर ठेवून आणखी काही वर्षे वापरता येते. बिनटचाची पाटी कोणी पैसे देऊन घेणार नाही हे खरे, पण घरात आहे ती टाकून द्यायचेही कारण नाही.